कृपया स्क्रीनवर पाहा

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. मोठ्यानं बोलत बोलत लिहायची मला सवय आहे, आणि नाव तोंडातून निघालं की ती आतल्या खोलीतून ‘हो, बोला’ म्हणते. मग तिला काहीतरी काम सांगावं लागतं. काम नसलं आणि ‘काही नाही, झोप’ म्हटलं, तर ती झोपेचे फायदे सांगायला लागते. आमच्या आईनं जन्मभर वडिलांचं नाव घेतलं नाही, तसं मी या वयात एका डबीचं नाव घ्यायचं टाळतो. तेव्हा आपण तिला डबीच म्हणू.

झालं असं की माझ्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सरकला. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता काही दिवस मान खाली घालून बसायचं, जेवायचं मान खाली घालून, झोपायचं पालथं. टीव्ही बंद, वाचन बंद, मोबाईलला तर हातच लावायचा नाही. आता मी केजच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभी नोकरी काढलेला माणूस. पुढाऱ्यांच्या गाड्या फलाटावर आडव्या लागल्या तेव्हासुद्धा मी मान खाली घातली नव्हती. ती डॉक्टरांच्या एका चिठ्ठीनं घालायला लावली.

मुलगी सायली ऑपरेशनला पुण्याहून आली होती. तिची रजा संपली. जाताना तिनं माझ्या पलंगाजवळच्या स्टुलावर ही डबी ठेवली, माझ्या मोबाईलला जोडली आणि म्हणाली, ‘‘बाबा, काही लागलं तर हिला सांगा. ही फोन लावते, मेसेज पाठवते, आलेले वाचून दाखवते. स्क्रीनची गरजच नाही.’’ मी मान खाली घालून हो म्हणालो. मग तिची सँडल दाराकडं गेलेली दिसली, तिच्यामागं नातीचे, संस्कृतीचे, गुलाबी बूट गेले. उंबऱ्याजवळ ते बूट मागं वळले. ‘‘आजोबा, हुरडा आला की अनाउन्समेंट करा हं,’’ असं बूट म्हणाले, आणि गेले.

अनाउन्समेंटचं सांगायला पाहिजे. संस्कृती लहान होती तेव्हा आम्ही दोघं स्टँड-स्टँड खेळायचो. मी स्टीलचा पेला तोंडाशी धरायचो आणि ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणायचो. ती उशीवर बसून गाडी चालवायची. तिची आजी शिवकन्या तेव्हा होती. ती पोळ्या लाटता लाटता फुकट प्रवास करायची. पेल्यातून माझा आवाज थेट माईकसारखा यायचा. आवाजाचं मला पहिल्यापासून कौतुक होतं. स्टँडच्या भिंतीवर पिवळ्या रंगानं वेळापत्रकाचा भला मोठा फलक रंगवलेला होता, पण तो कोणी वाचत नसे. फलकाला पाठ लावून माणूस खिडकीत तोंड घालायचा आणि विचारायचा, ‘‘सायेब, आंबाजोगाई कवा हाय?’’ फलक मुका आणि मी बोलका, म्हणून माझी किंमत जास्त, असं मी नोकरीभर समजत आलो. फलकाची थोरवी मला डबीनं शिकवली.

फलकाचं कसं असतं, सगळ्या गाड्या एकदम समोर असतात. नजर वर गेली, खाली आली, पाहिजे ती गाडी सापडली. डबीकडं सगळं एकामागं एक. पहिल्याच सकाळी मी तिला भजनं लाव म्हणालो. तिनं पहिला पर्याय सांगितला, दुसरा सांगितला, गायकाचं नाव, साथीच्या वाद्यवृंदाचं नाव. पाचव्यापर्यंत मी पहिला विसरलो होतो. पुन्हा सांग म्हणालो, तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भजन लागेपर्यंत जेवणाची वेळ झाली.

त्यात माझी जुनी खोड. माईकवर कुठलीही सूचना एकदाच द्यायची नसते. पहिल्यांदा माणूस दचकतो, दुसऱ्यांदा ऐकतो. म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, हे आमच्या हाडात भिनलेलं. घरातही मी चहा दोनदा मागायचो. शिवकन्या एकदाच करायची. डबीला तेवढी समज नव्हती. डोळ्यात थेंब घालायची आठवण कर म्हणून दोनदा सांगितलं, तर ती दोनदा आठवण करायला लागली, एकदा थेंब घालायच्या आधी आणि एकदा घातल्यावर लगेच. आठवडाभरात बाटली रिकामी झाली.

शेंगदाण्यांचं तर विचारूच नका. हुरड्याला चटणी लागते, म्हणून डबीकरवी गोणीभर शेंगदाणे मागवले. मागवताना मी सवयीनं ‘पुन्हा एकदा’ म्हणालो असणार, कारण दारात दोन गोण्या आल्या. एक परत ने म्हटलं, तर आणणारा म्हणाला, ‘‘काका, ते ॲपमधून करा.’’ मी डबीला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘परतीचे पर्याय मी तुमच्या मोबाईलवर पाठवले आहेत. कृपया स्क्रीनवर पाहा.’’ मी म्हणालो, बाई, स्क्रीन बघता येत नाही म्हणून तर तुला आणली. ती म्हणाली, ‘‘क्षमस्व, ते मला समजले नाही.’’ मग मदत केंद्राला फोन लावायला सांगितलं. तिथं दुसरी एक बाई बोलायला लागली. मराठीसाठी अमुक आकडा दाबा, तक्रारीसाठी तमुक. मी अंदाजानं दाबला, तर तामिळ सुरू झालं. बऱ्याच वेळानं खरा माणूस लाभला. त्यानं माझं सगळं दुःख शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘सर, मी एक लिंक पाठवतो, ती उघडून पाहा.’’ त्या दिवसापासून दोन्ही गोण्या आमच्या बैठकीत पडून होत्या आणि आल्यागेल्याला बसायला उपयोगी पडायच्या.

आलेगेले म्हणजे मुख्यतः शेजारचे बंकटराव. तेलगावच्या बाजूचे, साखर कारखान्यात उसाच्या वजनाचा काटा बघायचे, आता माझ्यासारखेच मोकळे. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे. ओळख जुनी असली तरी ही माहिती मला मान खाली गेल्यावरच झाली. त्यांचं मत असं की डबीला दरडावून बोलायला पाहिजे. ‘‘तुमी लई अदबीनं बोलता. म्हणून ती डोक्यावर बसती,’’ असं सांगून त्यांनी तिच्यावर खेकसून हवामान विचारलं. तिनं मुंबईचं सांगितलं. त्यांची बायको साखराबाई रोज डबा आणून देते. तिचं मत वेगळं होतं. घरात बाई न्हाई, आणि दिवसभर खिडकीतून बाईचा आवाज येतो, हे गल्लीत बरं दिसत न्हाई. गड्याचा आवाज लावून घ्या, असं तिचं म्हणणं. ते करायला गेलो, तर आवाज बदलायचा पर्यायही स्क्रीनवरच होता. मग साखराबाईनं त्या आवाजाशी जुळवून घेतलं. डबा ठेवताना ती हल्ली डबीला विचारते, जेवलीस का. डबी म्हणते, मी अन्न घेत नाही. ‘‘मग जगती कशावर,’’ म्हणत साखराबाई हळहळत जाते.

ही दोघं उठून गेली की मात्र घर फार मोठं वाटतं. मान खाली घातलेल्या माणसाला घरात फक्त फरशी दिसते. फरशीवर माझ्याशिवाय कोणाचे पाय नाहीत, हे दिवसातून किती वेळा बघायचं? मग मी डबीला हाक मारतो. वाजले किती, एवढंच विचारतो. ती सांगते. मी बरं म्हणतो. खोटं कशाला सांगू, वेळ मला माहीत असते.

अशात युसूफ वडगावहून रामहरीचा फोन आला. आमची तिथं थोडी जमीन आहे, ती रामहरी बघतो. तो म्हणाला, ‘‘सायेब, हुरडा आलाय. दाणा लई गोड हाय. पण येत्या रविवारीच या. पुढं थांबलात तर दाणा टणक होतोय, मग भाकरीच करावी लागंल.’’

हुरडा कोणासाठी थांबत नाही. गेल्या साली सायलीचं ऑफिस आड आलं, त्याच्या आधीच्या साली संस्कृतीची परीक्षा. शिवकन्या गेल्यापासून हुरडा भाजायच्या आगटीभोवती आम्ही सगळे म्हणून बसलोच नाही. यंदा तर त्या बुटांनी स्वतः सांगितलं होतं. मी लगेच फोन लावायला सांगितला. डबी म्हणाली, उत्तर मिळाले नाही. सायली दिवसभर मीटिंगमध्ये असते. बाबा, मेसेज करा, मी बघते, हे तिनं बजावलेलं. तेव्हा मेसेज.

मी घसा साफ केला. पेला शोधून तोंडाशी धरला, कारण त्याशिवाय आवाज लागेना. आणि म्हणालो: ‘‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. येत्या रविवारी युसूफ वडगावच्या शेतात हुरडा तयार आहे. सायली, संस्कृतीला घेऊन ये. आगटी पेटवून ठेवतो. सगळ्यांनी या.’’ डबीनं विचारलं, कोणाला पाठवू. मी सायलीला म्हणालो. पाठवला, म्हणाली. इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण सूचना अर्धीच दिल्यासारखं वाटलं, आणि मी म्हणालो, पुन्हा एकदा. ‘‘कोणाला पाठवू?’’ तिनं परत विचारलं. आता स्टँडवर सूचना कोणाला द्यायची असते? मी पेल्यातून म्हणालो, सर्वांना.

मोबाईल हातात असता तर नावांची भलीमोठी रांग डोळ्यांसमोर आली असती आणि माझा हात थबकला असता. डबी नुसतं ‘पाठवला’ म्हणाली.

संध्याकाळी तिनं सांगितलं, ‘‘सायलीकडून एक चित्र आले आहे.’’ काय आहे त्यात, मी विचारलं. ‘‘चित्र पाहण्यासाठी कृपया स्क्रीनवर पाहा.’’ तिला हिंदीतून विचारलं, दरडावून विचारलं, शेवटी विनवणी केली. अगं बाई, एवढंच सांग, येतो म्हणतात की नाही? ‘‘क्षमस्व.’’ त्यानंतर तर चित्रांची झड लागली. अमक्याकडून एक चित्र, तमक्याकडून एक चित्र. लोक सकाळ-संध्याकाळ फुलांची आणि कपबशांची चित्रं पाठवतात, तीच असतील म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. माझं लक्ष एकाच चित्रात होतं.

बंकटरावांना दाखवता आलं असतं. पण मुलगी येणार की नाही हे शेजाऱ्याच्या तोंडून ऐकायचं, आणि ‘नाही’ असलं तर त्यांच्यासमोर कसं बसायचं? खरं सांगतो, मला भीती वाटली. मग दुपारी एकटा असताना डॉक्टरांची आज्ञा मोडली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. त्याला पाय आणि चपला ओळखू येतात, अक्षर येत नाही. तो डोळा मोबाईलला अगदी चिकटवला. चित्रात मधोमध काहीतरी लांबट, लालभडक होतं, खाली दोन काळे ठिपके.

दुसऱ्या कोणाला त्यात टोमॅटो दिसला असता. पण नोकरीभर ज्यानं लाल गाड्या आत घेतल्या आणि बाहेर सोडल्या तो माणूस मी. ती गाडी होती. एस.टी. होती. चाकं होती. आणि गाडीचं चित्र काढून पाठवणं म्हणजे येतो म्हणणं, दुसरं काय! मला एवढा आनंद झाला की मी डबीला दोनदा सांगितलं, येतायत, येतायत. ती म्हणाली, छान.

रविवारी सकाळी बंकटरावांनी जीप काढली. शेंगदाण्याची एक गोणी घेतली, साखराबाईनं लसूण घालून चटणी कुटली, दही-गूळ घेतलं. रस्ताभर मी जीपच्या पत्र्याकडं बघत होतो. शेतात रामहरीनं आगटी पेटवून ठेवलेली. धुराचा वास आला, भाजलेल्या कणसांचा वास आला. मी घोंगडीवर मान खाली घालून बसलो आणि पायांची वाट बघायला लागलो. गुलाबी बूट आले की न बघितल्यासारखं करायचं आणि एकदम ‘तिकीट दाखवा’ म्हणायचं, असं ठरवून ठेवलं होतं.

पाय आले. तपकिरी बूट, माझ्या ओळखीचे नव्हते. मग कोल्हापुरी. मग जोडवी घातलेले, मग कॉलेजातल्या पोरांचे पांढरे. आमच्या डेपोतले जुने ड्रायव्हर, किराणावाला, गॅसवाला, डोळ्यांचा चष्मा बनवणारा, कधीकाळी ज्याच्याकडून पाण्याची टाकी घेतली तो. जो येतो तो म्हणतो, ‘‘मोहनराव, तुमी एवढ्या मनानं बोलावलं, मग न्हाई कसं म्हणावं.’’ आमच्या भागात हुरड्याचं बोलावणं आलं आणि माणूस गेला नाही, असं होत नाही. बोलावणं दुसऱ्या कोणाच्या नावानं असलं तरी शेवटी ‘सगळ्यांनी या’ होतंच. आलेली ती सगळी चित्रं म्हणजे येतो-येतो म्हणणारे अंगठे होते, हे मला त्या घोंगडीवर उमगलं. मला फक्त चपला दिसत होत्या, आणि त्या मावेनात.

रामहरीची धांदल उडाली. तो कणसं भाजतोय, गरम गरम चोळतोय, पुढं ढकलतोय. लोक खातायत, चटणीला वाहवा करतायत. दुसरी गोणीही आणायला पाहिजे होती, असं साखराबाई म्हणाली. आणि हरएक जण विचारतो, सायलीताई दिसत न्हाईत? मेसेजात नाव तिचंच होतं ना. पहिल्यांदा मी म्हणालो, गाडी थोडी उशिरा धावतेय. पुढच्यालाही तेच सांगितलं. स्टँडवरचा नियम आहे, पक्की खबर येईपर्यंत गाडी रद्द म्हणायची नाही.

कोवळ्यातला कोवळा हुरडा मी संस्कृतीसाठी माझ्या उपरण्यात बांधून ठेवला होता. हुरडा गरम असतो तोवरच हुरडा. मी अधूनमधून वरून हात लावून बघत होतो. दुपार कलली, पाय एकेक करून निघाले, आणि गाठोडं गार पडलं. शेवटी माझ्यासमोर भोक पडलेला एकच मोजा राहिला. बंकटरावांनी आगटीवर माती लोटली. मग गाठोडं उचललं, माझ्या हातावर दाणे ठेवले आणि म्हणाले, ‘‘खावा. गार बी चांगला लागतोय.’’ चांगला लागत नव्हता. आम्ही दोघांनी तो सगळा संपवला.

घरी आलो तोच सायलीचा फोन आला.

‘‘बाबा, रागावलात का? चित्र बघितलंत ना? संस्कृतीनं किती वेळ बसून काढलं. म्हणाली, आजोबांना त्यांच्याच भाषेत सांगते.’’

मी म्हणालो, ‘‘बघितलं की. लई छान काढलंय.’’

‘‘म्हणजे तुम्हाला आधीच कळलं होतं. मला वाटलं वाट बघत बसाल.’’

‘‘छे. वाट कशाला बघू? इथं माणसं मावत नव्हती.’’

पुढच्या महिन्यात नक्की येते म्हणाली. ये म्हणालो. स्क्रीन बघायची मला बंदी आहे हे तिच्या लक्षात राहिलं नाही, आणि मी आणून दिलं नाही. तिची चूक कुठं होती? चित्र पाठवलं, माणूस बघतो, एवढं साधं असतं जगात. आणि मी दिवसभर तोंड वर न करता पायांकडं बघत बसलो होतो, हे सांगून त्या पोरीला काय मिळणार होतं?

परवा डॉक्टरांनी मान वर करायला परवानगी दिली. नवा चष्मा दिला. घरी आलो, दार उघडलं, पलंगावर बसलो. समोर भिंत दिसली, भिंतीवर शिवकन्येचा फोटो दिसला. मग मोबाईल हातात घेतला आणि ते चित्र उघडलं.

गाडीच होती. माझं चुकलं नव्हतं. लालभडक एस.टी., दोन चाकं, खिडकीत कोणी नाही. गाडीच्या कपाळावर, जिथं गावाचं नाव लावतात, तिथं पांढरी पाटी काढलेली आणि तिच्यावर बारीक, नीट अक्षरात लिहिलेलं: ‘पुणे–केज गाडी रद्द. आईला सुट्टी नाही. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ बाजूला बाकावर एक म्हातारा बसलेला होता. त्याची मान तिनं खालीच काढली होती.

ही सूचना मी नोकरीभर दिली. सणासुदीला दिली, भर पावसात दिली. बाकावर बसून ऐकायची वेळ मात्र कधी आली नव्हती. सवयीनं मी ती मोठ्यानं वाचली. आणि सवयीनंच पुन्हा एकदा.

ऐकायला घरात कोणी नव्हतं, म्हणून डबीला नावानं हाक मारली आणि तिसऱ्यांदा तिला वाचून दाखवली. डबीवरचा निळा दिवा लागला.

‘‘हा संदेश कोणाला पाठवू?’’ तिनं विचारलं.

मी मान वर करून तिच्याकडं बघत बसलो. थोडा वेळ दिवा जळला आणि मग आपोआप विझला.